राहिलेला विषय

"सर, ही मुलगी वेडी आहे," वर्गातला एक नोकरी करून शिकणारा वेल्डर म्हणाला. "होडीला भोक पडलंय. ते बुजवायचं सोडून ही पुस्तकभर बादलीने पाणीच उपसत बसलीये."

वर्ग हसला. तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीसाठी एक कुमार-कादंबरी नेमलेली होती. पोहता न येणाऱ्या आजोबांना गळक्या होडीतून घेऊन निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट होती. सरांनी फळ्यावर 'चिकाटी' असा शब्द लिहिला आणि सवयीप्रमाणे पट्टी लावून अधोरेखित केला.

"आणि भोक बुजण्यासारखंच नसेल तर?"

हा प्रश्न ताईचा होता. ती बाकीच्यांपेक्षा वयाने मोठी. सकाळी कारखान्याच्या आरेखन विभागात नोकरी आणि दुपारनंतर वर्ग, असा तिचा क्रम होता. पदविकेचे इतर सगळे विषय केव्हाच सुटले होते. इंग्रजी तेवढे राहिले होते, आणि तेही तीन वर्षे.

"मग उपसून उपयोग काय, ताई? आज ना उद्या बुडणारच की!"

"चिकाटी म्हणजे जिंकणंच असं कुठंय? आज बुडू दिलं नाही, एवढंही पुष्कळ झालं."

हे ती स्वच्छ इंग्रजीत बोलली. वेल्डरने शेजाऱ्याला कोपराने ढोसले. "ही नापास होते, मग आपलं काय व्हायचं रे?"

सरांनाही तेच कोडे होते. पेपर तंत्रनिकेतनाचाच, तपासणारेही सरच. दरवर्षी ताईची उत्तरपत्रिका उघडली की मोत्यासारख्या अक्षरात अचूक उत्तर दिसे, त्यावर पट्टीने मारलेल्या सरळ, बारीक रेघा दिसत, आणि खाली काहीतरी भलतेच खरडलेले असे. नियम स्पष्ट होता. खोडलेले उत्तर तपासायचे नाही. सरांनी उभ्या हयातीत नियम मोडलेला नव्हता.

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवले.

"येतं सगळं, मग खोडतेस कशाला?"

"ऐनवेळी धीर सुटतो, सर."

"होडीतल्या मुलीचा सुटतो का?"

ताई वही पिशवीत घालू लागली.

"हे बघ, तुमचे साहेब परवा भेटले होते. मुख्य आरेखकाची जागा त्यांनी तुझ्यासाठी अडवून धरलीये. यंदा पदविका हातात नसेल, तर ती दुसऱ्याला जाणार. आणि मीही यंदा निवृत्त होतोय. तुला पुन्हा पुन्हा समजावायला पुढच्या वर्षी कोण असणार?"

"बघते, सर," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहत निघून गेली.

एका रविवारी सर तिच्या घरी गेले. दुसरा मजला, दार नुसते लोटलेले. खिडकीजवळच्या खाटेवर तिचे वडील उशांना टेकून बसले होते. जन्मभर फिटरचे काम केलेला माणूस, आता हाडांचा सापळा उरला होता. जीभ मात्र शाबूत होती.

"या सर, या! बसा. आमचं रत्न तरणार की यंदाही गटांगळ्या?"

"तरणार. मी आहे ना. तुमची तब्येत कशी आहे?"

"डॉक्टरांनी चार महिने दिले होते. त्याला तीन वर्षं झाली. त्यांची बदली झाली, मी आहे इथेच!" ते खोकत खोकत हसले. "तसा कंटाळा आलाय हो. पण हिचं ते इंग्रजी एकदा सुटलं की मी डोळे मिटायला मोकळा. तोवर यमाला सांगून ठेवलंय, बाबा रे, बाहेर बाकावर बस."

"बाबा, गोळी," ताई मध्येच म्हणाली. तिने पेला पुढे केला आणि विषय बदलला.

परतीच्या वाटेवर सरांच्या मनाने घेतले. या माणसाच्या डोळ्यांदेखत पोर पास झालीच पाहिजे.

परीक्षेला सर स्वतः पर्यवेक्षणाला उभे राहिले. होडीतल्या मुलीच्या चिकाटीवर मोठा प्रश्न होता. ताईची लेखणी थांबत नव्हती. सर दोनदा मुद्दाम तिच्या बाकाजवळून गेले आणि निश्चिंत झाले. शेवटची घंटा व्हायच्या बेतात होती, तेव्हा तिने कंपासपेटीतून पट्टी काढली.

तपासणीच्या दिवशी सरांनी ती उत्तरपत्रिका सगळ्यात शेवटी घेतली. रेघा होत्याच. पण आरेखनात मुरलेला तो हात. रेघ इतकी बारीक, की तिच्याखालचे अक्षर न् अक्षर वाचता येत होते. बराच वेळ ते लाल पेन हातात धरून बसले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खोडलेले उत्तर तपासले आणि त्याला गुण दिले.

निकाल फलकावर लागला, तसे सर थेट ताईच्या घरी गेले. शुभवार्ता आपल्या तोंडून कळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. परतताना जिन्यात ताई भेटली. औषधांची पिशवी घेऊन ती वर येत होती.

"झालीस पास!" सर वरूनच म्हणाले. "खुर्ची तुझी!"

ताईने कठडा धरला. "पण सर, मी खोडलं होतं."

"रेघांखालचं वाचलं मी. एकदा तरी नियम गेला खड्ड्यात!"

"सर, पाया पडते तुमच्या, बाबांना एवढ्यात सांगू नका."

सर मनापासून हसले. आनंदाची बातमी कोणत्या लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगावीशी वाटणार नाही?

"उशीर केलास की! आधी त्यांनाच सांगून आलो. काय समाधान झालं त्यांना! माझा हात हातात घेऊन म्हणाले, 'सुटलो.' आणि बोलता बोलता बघ, कसा शांत डोळा लागला त्यांचा."