शाल्मलीचा मणी

"पोरीला थोडं अडू द्या हो," असं वर्गशिक्षिका डिंगणकर बाई म्हणाल्या, तेव्हा ऋजुताने ते हसण्यावारी नेलं. अडलं की पुढची पायरी कानात सांगणारा इवल्या यंत्राचा मणी तिने तिसरीतल्या आपल्या लेकीच्या, शाल्मलीच्या, कानामागे बसवून घेतला.

आज वर्गात पालकांसमोर बाईंनी तो काढून ठेवला आणि नवंच गणित घातलं. तीन भाकऱ्या चौघांत सारख्या वाटायच्या. शब्बीरने कागद फाडून भाकऱ्या केल्या. तन्वीने चित्र काढलं आणि "चुकलं गं बाई!" म्हणत खोडलं. शाल्मली हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"शमू, काहीतरी करून बघ ना!" ऋजुता म्हणाली.

"आई, थांब गं. अजून आवाज आला नाही."

ऋजुताला उत्तर येत होतं, पण सांगितलं असतं तर तीच मणी झाली असती. ती लेकीजवळ जाऊन बसली.

तुमच्या घरीही असं मूल असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. अडल्यावर ते काय करतं, एवढं बघा.