सुखी हाताचा आंबा

हंगाम संपला आणि बागेतल्या तोडणीवाल्या बायका राहिलेल्या बातम्या घ्यायला कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या. दुःखी हाताने तोडलेला आंबा आठवड्यात सडतो आणि सुखी हाताने देठासकट तोडलेला दिवाळीपर्यंत टिकतो, हे सिद्ध झाल्यापासून हंगामात कुणालाच वाईट बातमी मिळत नसे.

कुंदाची पाळी आली. खिडकीतल्या परुळेकरांनी पडद्यावर पाहिलं.

"कुंदाताई, आई गेली तुमची. शिमग्यात."

"काहीतरीच! काल संध्याकाळी फोनवर बोलले मी तिच्याशी."

"ती आमची, संगणकातली. हुबेहूब जमलीय ना? तुमच्या पेट्या यंदा सगळ्यात जास्त टिकल्या."

कुंदाने खिडकीचा गज धरला. "दहावं, बारावं…"

"भावांनी केलं सगळं. सुतकही फिटलं. आता नुसती आंघोळ करायची. गरम पाणी कंपनीतर्फे."

"आटप गो," मागची बाई म्हणाली, "आमच्याही बातम्या आहेत."

"दादा, त्या आवाजाला ठाऊक आहे, आई गेल्याचं?"

"छे! कळलं तर रडायला लागतो."

तेवढ्यात कुंदाचा फोन वाजला. आईचा नंबर. परुळेकरांनी घाईने ओठांवर बोट ठेवलं. "सांगू नका हां. पुढच्या हंगामाला लागेल ती."

कुंदाने पदराने नाक पुसलं, घसा साफ केला. "निघतेच गं आई. तू जेवलीस?"

"जेवले. तुझ्यासाठी एक आंबा ठेवलाय बाय. खराब व्हायच्या आत ये."