पहिला तांब्या

बाळाला आडवं घ्यायच्या आधी पहिला तांब्या स्वतःच्या पायांवर ओतायचा, ही हौसाबाईंची रीत. आपल्या पायांना सोसलं, तरच ते पाणी लेकराला. अर्ध्या गावाची बाळं त्यांनी अशीच न्हाऊ घातली होती.

आजही त्या न्हाणीत पाय लांब करून बसल्या आणि तांब्या ओतला. काही पोळलं नाही, म्हणून त्यांनी बाळासाठी हात पुढे केले. बाळंतिणीने मात्र बाळ उराशी ओढून धरलं.

"मावशी, पाय बघा तुमचे."

नडग्या लालभडक झाल्या होत्या. कढत पाण्यात विसण घालायचं राहून गेलं होतं. बाळाला पाळण्यात ठेवून बाळंतीण घाईघाईने त्यांच्या पायांवर गार पाणी ओतू लागली.

"आग होतेय का?"

"नाही गं."

शुगर निघाल्यापासून पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नव्हतं. पण हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. "आता तू बस," म्हणाल्या. बाळंतिणीने पाय लांब केले. हौसाबाईंनी विसण घातलं, पहिला तांब्या तिच्या पायांवर ओतला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.