कोयना धार देईना

तिसऱ्या दिवशीही कोयना म्हैस पान्हा चोरून उभी होती.

केरबानं सडांना हात लावला. चारही थंड. कास मात्र फुगून दगडागत झालेली. त्यानं मान वर केली. दूध कट्ट्यावर ताज्या धारेची सात गिऱ्हाइकं ओळीनं उभी होती, हातात रिकामे ग्लास, कानात गाण्याची पांढरी बोंडं. सकाळचे सहा वाजून गेलेले, सात जण समोर, आणि शांतता अशी की कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखी.

आठवा आकाराम. त्याच्या कानात काही नव्हतं. खांद्यावर नवा कासरा होता. तो म्हशींचा दलाल. केरबानंच काल त्याला शब्द दिला होता: उद्या धार निघाली नाही तर कोयना घेऊन जा, निघाली तर चहा पिऊन जा. आकाराम घरून चहा पिऊनच आला होता.

"रेडकू सोड परत," केरबा बायकोला म्हणाला.

"दोनदा सोडलं," धोंडुबाई म्हणाली. "ते बी कटाळलंय आता."

उपाय सगळे झाले होते. पेंड झाली, गूळ झाला, दृष्ट काढून झाली. काल मोबाईलवर गाणीसुद्धा लावून बघितली. कोयनेनं शेपटीच्या एका फटक्यात मोबाईल शेणात पाडला. तीन दिवसांत बदललं म्हणावं असं एकच होतं. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून रोज तासभर एकटेच सगळ्यांशी भांडणारे आण्णा लेकीकडं गगनबावड्याला गेले होते. पण आण्णा काय पेंड घालत नव्हते. त्यांचा काय संबंध.

आकारामनं कासऱ्याची गाठ सोडली.

"थांब की जरा," केरबा म्हणाला.

"थांबलोयच की," आकाराम म्हणाला, आणि दोन पावलं पुढं आला.

सगळ्यात पुढं सम्राट उभा होता. रोज व्यायामशाळेतून घामानं निथळत यायचा, दोन ग्लास प्यायचा आणि एक शब्द न बोलता जायचा. आता तो कसल्यातरी ठेक्यावर मान हलवत कोयनेच्या तोंडाशीच आला होता.

"पावणं, मागं सरा जरा. बुजतीया ती," केरबा म्हणाला.

पावणं मान हलवत राहिले.

"व्हय म्हणतोय का न्हाय म्हणतोय त्यो?" धोंडुबाईनं विचारलं, आणि उठून पेंडीच्या हातानंच त्याच्या खांद्यावर थाप मारली. सम्राट असा दचकला की उजव्या कानातलं बोंड उडालं आणि थेट पेंडीच्या घमेल्यात पडलं. तो वाकला. पण कोयनेची जीभ आधी पोचली.

"गिळलं की तिनं," सम्राट म्हणाला.

"काय?"

"माझं गाणं."

त्यानं फोन बघितला. "अजून चालूच दाखवतंय."

हे बघायला शेजारच्यानं कानातलं काढलं. मग त्याच्या शेजारच्यानं. "कुठलं गाणं हाय?"

"हळदीचं."

"मग पचंल की."

"पचंल म्हणजे? तुझ्या बाऽचं हाय व्हय?"

हेल्मेटवाल्या एकानं हेल्मेट, बोंडं काढून कोयनेच्या पोटाला कान लावला. सगळे थांबले. "गुडगुड ऐकू येतंय."

"ती म्हशीची हाय. गाण्याची न्हाय."

"तुला लई कळतंय. म्हशीच्या पोटातनं आलायस जनू."

केरबाच्या बोटांत सड गरम झाला. आधी त्याला भास वाटला. त्यानं मूठ आवळली, आणि चरवीच्या तळाला धार वाजली. दुसरी, तिसरी. कोयनेनं डोळे अर्धे मिटले होते. कान मात्र भांडणाकडं वळवून, बायका नळावर उभ्या असतात तशी ती उभी होती. केरबानं धोंडुबाईकडं बघितलं. धोंडुबाई आण्णांच्या रिकाम्या बाकड्याकडं बघत होती.

आकारामनंही धार ऐकली. बत्तीस वर्षं म्हशींच्या धंद्यात होता तो. कासरा गळ्यात टाकून तो गर्दीत शिरला आणि कधी नव्हे ते गोड बोलायला लागला.

"जाऊ दे की बाबांनो. मुकं जनावर हाय. सकाळच्या पारी कशाला भांडताय? सम्राटराव, दुसरं कानातलं हाय न्हवं? ते लावा. शांत ऱ्हावा."

आकारामच्या बोलण्याला तेवढं वजन होतं. हेल्मेटवाल्यानं हेल्मेट घातलं. बाकीच्यांनी बोंडं कानात सरकवली. धार बारीक झाली, मग थेंबावर आली. चरवी अर्धीही झाली नव्हती. केरबाच्या कपाळावरनं घाम डोळ्यात उतरला. आयुष्यात तो कधी कुणाशी आवाज चढवून बोलल्याचं कट्ट्याला आठवत नव्हतं.

त्यानं मान खाली घातली, सड सोडले नाहीत, आणि कोयनेच्या पोटाखालून मोठ्यानं विचारलं, "सम्राट, तुमच्या पेठंत फुटबॉल खेळत्यात, का पोरं नुसती चेंडू हुडकाय पळत्यात?"

सम्राट गर्रकन वळला.

"काय म्हणालास?"

"बरोबरच म्हणालाय त्यो," मागनं एकजण म्हणाला, तो दुसऱ्या पेठेतला.

त्यानंतर कोण काय म्हणालं हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. चौदाच्या चौदा बोंडं कानांतून निघाली, बरोबर सांगायचं तर तेरा. कुणी १९९८ ची फायनल काढली, कुणी रेफरीची जात काढली, कुणी केरबाचा आजा काढला. आकाराम मध्ये हात जोडून फिरत होता आणि त्यालाही दोन शिव्या बसल्या. केरबाला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि चरवी भरत होती. फेस काठावर आला तेव्हा धोंडुबाईनं दुसरी चरवी सरकवली.

सात ग्लास भरले. सातही जण तावातावानं प्याले. मिशीला फेस तसाच ठेवून सम्राटनं केरबाच्या नाकासमोर बोट नाचवलं.

"उद्या धा पोरं घिऊन येतो. मग बोल पेठंबद्दल."

केरबा उठायला गेला. धोंडुबाईनं त्याला खांदा दाबून खाली बसवलं.

"या की बाबा," ती म्हणाली. "फकस्त सहाला या. उशीर केला तर आटतीया ती."