शेकड्याला अडतीस

भगवानरावांनी तराजू रिकामा धरून पुन्हा एकदा पाहिला. दांडी सरळ होती. खोट तराजूत नव्हती.

ओट्यावर रुईच्या दोन ढिगल्या होत्या. एक त्यांच्या वावरातल्या कापसाची, दुसरी शेजारच्या खेमसिंगच्या. दोन्हीतली सरकी त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईनं, बोटांनी काढून दिली होती. आपला कापूस साठ तोळे घेतला होता, त्यात वीस तोळे रुई निघाली. खेमसिंगचा पन्नासच तोळे होता. त्यात एकोणीस.

"वीस मोठे का एकोणीस?" तुळसाबाईनं विचारलं.

"वीस."

"मंग झालं तं. उठा, जेवून घ्या."

"तसं नसते वो. त्याचा कापूसच कमी होता. दोघायले शंभरावर आना लागते, तवा समजते."

साठात वीस, म्हणजे शंभरात तेहतीस. पन्नासात एकोणीस, म्हणजे शंभरात अडतीस. दारव्ह्याच्या जिनात, जिथं सरकी काढतात, तिथल्या कारकुनानं शंभरामागे रुईचा हाच उतारा सांगितला होता. भगवानरावांना तो पटला नाही, म्हणून त्यांनी खेमसिंगकडून थोडा कापूस मागून आणला होता. आता त्यांच्याच ओट्यावर तो खरा ठरला.

बांध एक, माती एक, पाऊस एक. मग शेकड्यामागे हे पाच आले कुठून?

गावच्या सोसायटीची रीत होती. ज्याच्या कापसाचा उतारा जास्त, त्याचीच सरकी पुढच्या साली बियाणं म्हणून गावभर जायची. आजवर ती भगवानरावांची जात होती. बोरी अरबच्या बाजारातसुद्धा लोक 'भगवानरावाचं बियाणं' म्हणत. पोटी लेकरू नव्हतं. मागं राहील असं तेवढंच एक नाव होतं. येत्या सोमवारी सोसायटीत नवीन नाव ठरायचं होतं.

बियाणं निवडायचं काम तुळसाबाईचं. हाताची मोठी नेटकी बाई, पण तितकीच भाबडी. मागं गाय दूध चोरायला लागली, तेव्हा तिनं गल्लीतल्या एका बाईच्या लुगड्याचा धागा हळूच ओढून आणला होता. ज्याची नजर त्याचा धागा, त्याशिवाय नजर निघत नाही, म्हणे. भगवानराव पोट धरून हसले होते.

गेल्या साली खेमसिंगची पऱ्हाटी, कापसाची झाडं, छातीला लागली होती. भगवानराव रोज बांधावर उभे राहून ती पाहत. मग एकाएकी तिची बोंडं गळाली. भगवानराव खेमसिंगच्या तांड्यावर जाऊन हळहळून आले आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. तुळसाबाई वाढत होती.

यंदाही ते रोज बांधावर उभे राहिले. यंदा एक बोंड गळालं नाही.

खत कोणतं टाकलं, म्हणून त्यांनी खेमसिंगला सरळच विचारलं.

"शेजार चांगला हाय, भाऊ," खेमसिंग हसून म्हणाला. "दुसरं काय?"

तेव्हा तुळसाबाई पलीकडे कापूस वेचत होती. तो तिच्याकडे पाहून हसला की काय, हे भगवानरावांना नीट दिसलं नाही. न दिसल्यामुळे ते जास्तच डाचलं.

घरात तर कुठं काही कमी नव्हतं. ते वावरातून आले की तुळसाबाई दारातच त्यांच्या वहाणा उचलून स्वतः झटकायची. शेजारणी तिचं नाव काढत. त्यांच्या धोतराचा निळा काठ एका टोकाला उसवत चालला होता. धुण्याचा दगडच खरबरीत आहे, असं ती म्हणाली आणि टाका घालून दिला. अशी बाई.

आणि मग विहिरीच्या आडून त्यांच्या कानावर खेमसिंगचं बोलणं पडलं.

"वयनी, यंदाचा उतारा तुमच्यानंच झाला. नाही तं मी बसलोच होतो. पन भाऊले सांगू नका."

"त्यायले कायले सांगू?" तुळसाबाई म्हणाली. "शनवारी अजून एक डाव येतो मी."

भगवानराव उलट्या पावली घरी आले. आता पाचांचा हिशेब लागला होता. निवडक सरकी खेमसिंगच्या वावरात, उरलीसुरली नवऱ्याच्या. बियाणं त्यांचं, बायको त्यांची, आणि उतारा खेमसिंगचा. ती त्याला सरकी देते, मग तो तिला काय देतो? ही एवढ्या वर्षांची सोबत, त्यातली शंभरात किती आपली? पन्नासातले एकोणीस काढता येत होते. हे कसं काढायचं, ते त्यांना येत नव्हतं. ताटावर बसले आणि एक भाकरी तशीच ठेवली. तिनं विचारलं, बरं वाटत नाही काय? त्यांनी मान हलवली.

शनिवारी दिवस बुडता बुडता ती निघाली. पदराखाली काहीतरी बांधलेलं होतं. सरकीच, दुसरं काय असणार. भगवानराव तुरीच्या आडून मागं मागं गेले. आज दोघांना सोबतच धरायचं आणि सोमवारी सोसायटीत सगळ्यांसमोर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

खेमसिंग कुठंच नव्हता. त्याच्या वावराच्या कोपऱ्यावर तीन वाटा मिळतात, तिथं ती थांबली. पदराखालचं गाठोडं तिनं वावराकडे करून ओवाळलं, वाटेवर ठेवलं, आणि मागं वळून न पाहता घराकडे निघाली. तुरीपाशी आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भगवानराव तुरीत अजून खाली वाकले. ती गेली.

त्यांनी वाकून गाठ सोडली. आत सरकी नव्हती. एक लिंबू होतं, खडे मीठ, लाल मिरच्या, वहाणेला लागलेली असते तशी चिमूटभर माती. आणि या सगळ्याला गुंडाळलेला एक निळा धागा.

भगवानरावांनी आपल्या धोतराचं उसवलेलं, टाका घातलेलं टोक हातात घेतलं आणि धागा काठाशी लावून पाहिला. तो तिथलाच होता.