अर्धं आटवलेलं

रिपोर्ट वाचून नर्स ग्वेनने खुर्ची पुढे ओढली. "मिस ओफेलिया, तुमच्या नातवाच्या रक्तातलं शिसं कमी व्हायला हवं होतं. ते वाढलंय."

"म्हणजे मी लक्ष देत नाही, असंच ना? आता पोराला माझ्याकडून काढून नेणार?"

"तसं कोण म्हणतंय? घरातला शिसं असलेला जुना रंग?"

"केव्हाच गेला. खिडक्यासुद्धा नव्या बसवल्यात."

"आणि पाणी? नळाचंच देता?"

"तसंच कशाला देईन! या शहरात दर चार दिवसांनी नोटीस येते, पाणी उकळून प्या. मला शिकवू नकोस. मागच्या वेळी तूच म्हणालीस ना, नळाच्या पाण्यात शिसं आहे? तुम्ही देणार होतात तो फिल्टर काही अजून आला नाही. तेव्हापासून भांडंभर पाणी आटून अर्धं झाल्याशिवाय त्याला घोटभरही देत नाही मी!"

ग्वेनचं पेन थांबलं.

"मिस ओफेलिया," ती हळू आवाजात म्हणाली, "उकळल्यानं जंतू मरतात. शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं सगळं उरलेल्या पाण्यातच राहतं."

ओफेलियाच्या मांडीवरच्या टेरेलने घरून आणलेला पाण्याचा कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि तिच्यापुढे धरला.

"आजी, अजून."