कॉइल थंड होईपर्यंत

"अरे, हात लावू नकोस त्याला!" मी म्हणेपर्यंत नचिकेतने व्हेपचं, त्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं, बटण दाबलंच. झुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं. आतला कापूस पुन्हा जळला होता.

चूक त्यालाही माहीत होती. कापूस तापवणारी तारेची कॉइल थंड असताना तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विद्युतरोध, यंत्रात लॉक केला, तरच यंत्राला तापमान नीट कळतं; नाहीतर ते जास्त तापून कापूस जाळतं. हा दर वेळी तापलेल्या कॉइलवरच लॉक करायचा. धीर म्हणून नाही माणसाला! पूर्वी माझा हा नवरा बाहेर सिगारेट ओढून, वास लपवायला बडीशेप चघळत घरात शिरायचा. ते थांबावं म्हणून हे यंत्र मीच आग्रहाने घ्यायला लावलं होतं.

"नवा कापूस घाल आणि दहा मिनिटं टेबलावर राहू दे," मी दरडावलं.

त्याने ठेवलं. पाय हलवत बसला. उठला, गॅलरीत जाऊन आला, यंत्राला बोट लावून पाहिलं. शेवटी "दूध घेऊन येतो" म्हणत चपला अडकवून खाली पळाला.

आल्या आल्या त्याने रेझिस्टन्स लॉक केला, झुरका घेतला. करपट वास अजिबात नाही.

"जमलं बघ!" तो तोंडभर हसला.

मीही हसणार होते. तेवढ्यात त्याच्या दातात अडकलेली बडीशेप दिसली.